लाडूची कात आणि सासूबाईंचं कपाट

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा मार्चअखेर नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना लाडूला माझ्या गळ्यात मारून गेला. लाडू म्हणजे साप. बॉल पायथन. वय सहा महिने. घाबरला की अंगाचा गोळा करून बसतो, म्हणून लाडू. मुलाने जानेवारीत मित्राच्या मित्राकडून घेतला. आधी त्याचा टब हॉलमध्ये असायचा. मुलगा गेल्यावर आम्ही तो बेडरूममध्ये ठेवला, कारण हॉलमध्ये पाहुणे बिचकतात. टबावर जाळीचं झाकण आहे, आत वर्तमानपत्र, पाण्याची वाटी आणि लपायला प्लॅस्टिकचं घर. खाली गरम होणारी चटई आहे.

आधी दोनदा त्याने कात टाकली ती अख्खी, पायमोज्यासारखी निघाली होती. या वेळी डोळे निळसर झाले, खाणं बंद झालं आणि मग कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. पाठीवर अजून पापुद्रे आहेत, शेपटीच्या टोकाला एक कडं राहिलंय आणि डावा डोळा धुरकट दिसतो. आज चौथा दिवस. शेजारच्या वहिनी म्हणतात खोबरेल लाव. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, प्लकरने हळूच ओढ. सासूबाई म्हणतात, सापाला कधी दूध दाखवलं नाहीत, मग असंच होणार. आणि कातीचा डोक्याकडचा तुकडा त्यांनी लक्ष्मी येते म्हणून कपाटात ठेवलाय. ह्यांचं म्हणणं, सर्पमित्राला बोलावून देऊन टाक. मला या पोराचा लळा लागलाय. ओढून काढू का?

एक आई, मुलुंड

*

ताई,

आधी तो प्लकर ड्रॉवरमध्ये ठेवा आणि मग बाकीचं निवांत वाचा. कात चार दिवस अंगाला चिकटून राहिली म्हणून साप दगावत नाही. कोरडी ओढून काढली तर मात्र डोळा जाऊ शकतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत असाच एक साप माझ्या टेबलावर आला होता. डोळ्यावर जुना पापुद्रा, कडेला चंदेरी रेघ. मला वाटलं, एवढंसं काम आहे, चिमट्याने उचललं की झालं. उचललं. जुन्या पापुद्र्याबरोबर खालचा नवाही आला. मालक समोर उभा होता आणि 'झालं ना डॉक्टर?' असं विचारत होता. तो डोळा पुढे वाळला आणि गेला. तेव्हापासून माझ्याकडे साप आला की मी पहिल्यांदा पाणी कोमट करायला ठेवते.

सापाला पापणी नसते. आपण डोळा मिटतो, त्याला मिटता येत नाही. त्याऐवजी डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, घड्याळावरच्या काचेसारखा. कात टाकताना अंगावरच्या खवल्यांबरोबर हा डोळ्यावरचाही जुना निघतो आणि खाली नवा तयार असतो. नवा अजून कोवळा असताना वरचा ओढला तर दोन्ही उचकटतात, डोळा उघडा पडतो आणि मिटायला पापणी नाही. म्हणून पाठीवरच्या पापुद्र्यांना एक वेळ तुम्ही बोट लावलंत तर मी रागावणार नाही, पण डोळ्याला तुम्हीही हात लावायचा नाही आणि तुमच्या चिरंजीवांनी बंगळुरूहून सूचनाही द्यायच्या नाहीत.

आता डाव्या डोळ्याचं काय ते ठरवू. त्यासाठी लागणारा पुरावा तुमच्या सासूबाईंच्या कपाटात आहे. त्यांना विनंती करून तो डोक्याकडचा तुकडा घ्या. वाळून चुरगळला असेल तर बशीभर पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मऊ पडेल. मग पांढऱ्या ताटलीवर बोटाने अलगद उलगडा आणि खिडकीशी उजेडात धरून बघा. कात उलटी होऊन निघते, पायमोजा काढताना होतो तशी, त्यामुळे डावं-उजवं ओळखण्याच्या फंदात पडू नका. फक्त मोजा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, स्वच्छ, किंचित फुगीर चकत्या दिसतायत का? दोन्ही असतील तर डोळ्यावर जुनं काही राहिलेलं नाही, धुरकटपणाचं कारण दुसरं आहे आणि ते डॉक्टरांनी बघायला हवं. एका जागी नुसतं भोक असेल तर ती चकती अजून लाडूच्या डोळ्यावर आहे. तसं असेल तर घाबरू नका. टबातली हवा सुधारली की बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर ती आपोआप निघते आणि या वयाच्या पिल्लाची पुढची कात चार ते सहा आठवड्यांत येते. सलग दोन काती टाकूनही चकती राहिली तर डॉक्टर. डोळा फुगून बाहेर आल्यासारखा दिसला, खाली पिवळट काही साचलेलं दिसलं किंवा तोंडाच्या कडेला सूज आली, तर दुसऱ्या कातीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

मला खरं कुतूहल वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. मुंबईत, मे महिन्यात, दमटपणाने आपले कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, आणि या गावात एका सापाची कात कोरडेपणामुळे अडकते. कसं शक्य आहे? तुमच्या पत्रात उत्तर आहे, फक्त तुम्ही ते पाहुण्यांच्या वाक्यात लपवलंय. दोन काती अख्ख्या निघाल्या तेव्हा टब हॉलमध्ये होता. तिसरी फाटली तेव्हा बेडरूममध्ये. बेडरूममध्ये एसी आहे ना? लिहिलेलं नाहीत, पण मे महिन्यात मुलुंडच्या बेडरूममध्ये एसी नसेल असं मी धरत नाही.

एसी हवा गार करतो तेव्हा हवेतली वाफ आत थंड नळ्यांवर जमते आणि पाईपने बाहेर ठिबकते. खालच्या मजल्यावरचे लोक ज्या पाण्यावरून भांडतात तेच हे पाणी. आज रात्री त्या पाईपखाली बादली लावा. सकाळी जेवढं पाणी भरेल तेवढी वाफ तुमच्या खोलीतून, म्हणजे लाडूच्या टबातूनही, गेली. त्यात झाकण जाळीचं, म्हणजे टबात जो काही ओलावा असेल त्याला बाहेर जायला वाट मोकळी. खाली वर्तमानपत्र, जे पाणी धरून ठेवत नाही. आणि तळाला गरम चटई. हवा तापली की तिची आर्द्रता टक्क्यांनी उतरते, पाणी तेवढंच असलं तरी. इतकं सगळं जुळून आल्यावर मुंबईत राहूनही लाडू बिकानेरला राहतो.

आणि हा प्राणी वाळवंटातला नाही. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशात राहतो, पण दिवस काढतो तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत. वर ऊन रणरणत असतं तेव्हा आत दमट असतं. आपल्याकडे साप म्हटलं की वारूळ आठवतं, तसंच. त्याला टबात साधारण 55 ते 65 टक्के आर्द्रता लागते आणि डोळे निळसर झाले की 70 च्या आसपास. रात्रभर एसी चालणाऱ्या बंद खोलीत तो आकडा 40 च्या खाली गेलेला मी पाहिलाय.

कात म्हणजे काय हेही जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला माझ्याविना सुचेल. वर्तमानपत्रात मथळे येतात, अमक्या खात्याने कात टाकली, तमक्या संघाने कात टाकली, जणू सदरा बदलावा तसं. सापाला त्यासाठी दहा-बारा दिवस मेहनत करावी लागते. जुन्या कातडीखाली आधी नवी तयार होते, मग दोन्हींच्या मध्ये पाण्यासारखा द्रव साचतो. तो डोळ्यावरच्या चकतीखालीही साचतो, म्हणून डोळे दुधी-निळे दिसतात आणि सापाला नीट दिसत नाही. त्या दिवसांत तो चिडचिडा होतो, लपून बसतो, खात नाही. मग द्रव शोषला जातो, डोळे पुन्हा स्वच्छ होतात (इथे पुष्कळ जणांना वाटतं की कात टाकायचं रद्द झालं) आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी साप ओठांची कड कशावर तरी घासून सुरुवात करतो. त्या द्रवावरच सगळा खेळ. साप तहानलेला असेल, हवा कोरडी असेल, तर द्रव पुरत नाही आणि जुनं नव्याला चिकटून बसतं, हातावर वाळलेल्या डिंकासारखं.

'कशावर तरी घासून' म्हटलं. तुमच्या टबात कागद आहे आणि प्लॅस्टिक आहे. बिचाऱ्याने नाक घासायचं कशावर? एक खडबडीत, धारदार कडा नसलेला दगड किंवा झाडाच्या सालीचा जाड तुकडा उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून आत ठेवा. साध्या विटेचा तुकडाही चालतो.

आजपासून काय करायचं ते सांगते. टब हॉलमध्ये परत न्या, पाहुणे बिचकले तर बिचकू देत. ते जमणारच नसेल तर बेडरूममध्ये एसीचा झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा आणि जाळीचा दोन-तृतीयांश भाग प्लॅस्टिकने किंवा स्वयंपाकघरातल्या फॉइलने वरून झाका. पूर्ण झाकू नका, हवा खेळली पाहिजे. वर्तमानपत्राऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा घाला, नर्सरीत कोकोपीट म्हणून मिळतो तोच, खत न मिसळलेला. तो ओलावा धरतो आणि हळूहळू सोडतो. पाण्याची वाटी बदलून पसरट, जड भांडं ठेवा, ज्यात लाडू पूर्ण वेटोळं घालून बसू शकेल. आणि डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र, आणा. आर्द्रता अंदाजाने कळत नाही, आपल्याला घाम येतोय म्हणजे सापालाही दमट वाटत असेल असं नसतं.

त्याहून महत्त्वाचं, एक ओलं घर. महाग काही घ्यायचं नाही. एक किलो श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, आपल्या घरांत तो नसेल असं होत नाही. साबणाने धुवा, वेलदोड्याचा वास जाईपर्यंत. बाजूला लाडूच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट भोक पाडा आणि त्याची कड पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत करा की तुमचं बोट आतून फिरवलं तर ओरखडा उठणार नाही. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, भरा, ऑर्किड विकणाऱ्या नर्सरीत मिळतं. ते नसेल तर किचन टॉवेलचे बोळे. भिजवून घट्ट पिळायचं, वाळत घालायच्या आधी धुतलेला पंचा पिळतो तसं. हातात दाबलं तर थेंब पडता कामा नये. झाकण लावून हा डबा टबाच्या उबदार बाजूला ठेवा. साप आत शिरला की अंग चहूबाजूंनी टेकलं पाहिजे, ऐसपैस जागा त्याला आवडत नाही. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. चोवीस तास तो आत बसून राहतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून पापुद्र्यांचा चुरा निघतो. मॉस आठवड्याला बदला, नाहीतर बुरशी.

एक दिवस डब्याला द्या. उद्या संध्याकाळपर्यंत पाठ मोकळी झाली नाही तर अंघोळ. इथे आया हमखास चुकतात, कारण बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघायची सवय असते. ते पाणी सापासाठी फार गरम. लाडूला 28 ते 30 अंश पाणी लागतं, जे आपल्या हाताला कोमटही वाटत नाही, जरासं गारच वाटतं. थर्मामीटर बुडवून बघा. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात पाणी फक्त त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे डोकं न उचलताही नाक वर राहिलं पाहिजे. वीस मिनिटं. तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसायचं, फोन आला तरी उठायचं नाही. मग जुना टर्किश टॉवेल त्याच पाण्यात भिजवून पिळा, दोन्ही हातांत सैल धरा आणि लाडूला त्याच्या घड्यांतून सरपटू द्या. तुम्ही ओढायचं नाही, तो पुढे जाईल आणि पापुद्रे टॉवेलला लागून राहतील. ते बघायला फार समाधान वाटतं, मी इतकी वर्षं बघतेय.

शेपटीचं कडं ही पाठीवरच्या पापुद्र्यांपेक्षा घाईची गोष्ट आहे. पाठीवर राहिलेला पापुद्रा पुढच्या वेळी निघतो. शेपटीच्या टोकाला राहिलेलं कडं वाळत जातं तसं आवळतं, बोटात अडकलेल्या अंगठीसारखं, आणि प्रत्येक कातीबरोबर वर आणखी एक थर चढू शकतो. रक्त पोचेनासं झालं की टोक काळं पडून गळतं. म्हणून अंघोळीनंतर लगेच, ओलं असतानाच, ओल्या कापसाच्या काडीने त्या कड्याची कड भिजवा आणि अंगठा व तर्जनीमध्ये धरून शरीराकडून टोकाकडे हलकेच फिरवत न्या. सरकलं तर सरकलं. नाही सरकलं तर सोडून द्या, उद्या पुन्हा अंघोळ. तीन दिवसांत नाही निघालं, किंवा टोक आताच गडद, कडक, सुरकुतलेलं दिसत असेल, तर डॉक्टर. जाण्याआधी फोन करून सरळ विचारा, 'साप बघता का?' मुंबईत कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, साप हातात घेणारे डॉक्टर थोडे आहेत, आणि टॅक्सीने तिथे पोचल्यावर 'आम्ही बघत नाही' ऐकण्यात अर्थ नाही. जाताना कातीचे तुकडेही बरोबर न्या.

वहिनींना माझा नमस्कार, पण खोबरेल नको. कातीला तेलाची नाही, पाण्याची उणीव आहे. तेल लावलं की भुसा, धूळ, सगळं अंगाला चिकटतं आणि तुम्हाला मात्र काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. हळद, डेटॉल, व्हॅसलीन, कोरफड, यांनाही हेच उत्तर. आणि दूध तर मुळीच नको. साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला तो दूध पिताना दिसायचा, कारण गारुडी त्याला आधी दिवस-दिवस पाण्यावाचून ठेवायचे, समोर जे पातळ येईल ते तो प्यायचा. सासूबाईंना काही पाजायचंच असेल तर लाडूच्या वाटीतलं पाणी रोज सकाळी बदलण्याचं काम त्यांना द्या. देवाच्या फुलांसारखं ते नेमाने होईल, याची मला खात्री आहे. फक्त नंतर साबणाने हात. साप निरोगी दिसला तरी त्याच्या विष्ठेत आणि अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि तो पिकल्या वयाच्या माणसांना आणि लहान मुलांना जास्त त्रास देतो. त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत.

वाटीतलं पाणी बदलताना एक बघायला सांगा. तळाशी मिरपुडीसारखे बारीक काळे कण दिसतात का, आणि ते हलतात का? असतील तर ते माइट्स, सापाच्या अंगावरचे रक्त शोषणारे किडे. त्यांच्यामुळेही कात अडकते आणि मग वर सांगितलेलं सगळं करूनही उपयोग होत नाही, आधी ते घालवावे लागतात. साप नेहमीपेक्षा फार वेळ पाण्यात बसून राहायला लागला की मला पहिला संशय तोच येतो. त्यांच्यासाठी बाजारातलं झुरळांचं औषध मारू नका, डॉक्टरांना विचारा.

खाण्याची काळजी सोडा. डोळे निळे असताना जेवण नाही, हा सापांचा नेमच आहे आणि बॉल पायथन तर उपासाचे पक्के, चातुर्मास करणाऱ्या आजीबाईंनाही मागे टाकतील. कात पूर्ण निघाली की दोन दिवसांनी उंदराचं पिल्लू द्या, गोठवलेलं, पूर्ण वितळवून कोमट केलेलं, जिवंत नको. जिवंत उंदीर सापाला चावतो. या वयाला साधारण आठवड्याला एकदा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर (वर एखादा डबा ठेवून) महिन्यातून एकदा त्याचं वजन करून कॅलेंडरवर लिहा. वजन टिकून असेल तर त्याने जेवण नाकारलं म्हणून तुम्ही जेवण सोडू नका.

गरम चटईबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि थर्मोस्टॅटचा, म्हणजे चटई ठरावीक तापमानावर ठेवणाऱ्या यंत्राचा, उल्लेख नाही. नसेल तर या यादीतली पहिली खरेदी ती, हायग्रोमीटरच्याही आधी. चटई टबाच्या एक-तृतीयांश भागाखालीच हवी, त्या बाजूला 31-32 अंश, दुसऱ्या बाजूला 26 च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तेव्हा सरकता येईल. सापाला पोटाखालची आच वेळेवर कळत नाही, तो भाजेपर्यंत बसून राहतो.

आणि आता उलटं. तुम्ही हे सगळं मन लावून कराल, तोवर पाऊस सुरू होईल. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत आर्द्रता 80-90 टक्क्यांवर जाते. तेव्हा जाळीवरचं प्लॅस्टिक काढा, भुसा कोरडा ठेवा, ओला डबा फक्त डोळे निळसर झाल्यावर आत ठेवा. टब सतत ओला राहिला तर पोटाखालचे खवले लालसर होतात, फोड येतात, सडतात. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, ही छातीच्या संसर्गाची लक्षणं, त्यात घरगुती उपाय नाही. पावसाळ्यात माझ्याकडे येणारे साप बहुतेक या तक्रारीचे असतात, आणि मालक प्रत्येक वेळी सांगतात की आम्ही तर रोज पाणी फवारतो.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाहीत. मित्राच्या मित्राकडून घेतला, म्हणजे पावती नाही, असं मी धरते. बॉल पायथन हा परदेशी प्राणी आहे, आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर तो चौथ्या अनुसूचीत येतो आणि तो बाळगणाऱ्याने नोंदणी करणं बंधनकारक आहे. 2024 मध्ये त्याचे नियम आले. परिवेश नावाच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांची मुदत असते. तुमची ती जानेवारीतच सुरू झाली. हे काम चिरंजीवांचं. त्याला सांगा, प्लकरच्या सूचना पुरे, लॅपटॉप उघड आणि उशीर झाला असला तरी वन विभागाकडे स्वतःहून जा. मुंबई विमानतळावर बँकॉकहून बॅगेत कोंबून आणलेले साप कस्टमवाले वरचेवर पकडतात, त्यामुळे 'मित्राच्या मित्राकडे' तो कुठून आला हा प्रश्न उगाच विचारला जात नाही. आणि मला लाडूचा वरून काढलेला एक स्वच्छ फोटो पाठवा. तो बॉल पायथनच आहे ना, आपला अजगर नाही, एवढं मला बघायचंय. अजगर पहिल्या अनुसूचीतला, तो घरात ठेवणं गुन्हा आहे, त्याला नोंदणी वगैरे काही नसते. तसं निघालं तर 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करायचा, आणि तो मी तुम्हाला करायला लावेन.

तुमच्या ह्यांना सांगा, सर्पमित्र धामण, नाग, घोणस पकडून जंगलात सोडतात. लाडूला सोडायला मुंबईच्या आसपास जंगल नाही. ना येऊरला, ना आरेत, ना नॅशनल पार्कात. आफ्रिकेतला साप आपल्या रानात सोडणं त्याच्यावरही अन्याय आणि रानावरही. आणि तो किती वर्षं राहणार हेही त्यांनी आताच ऐकून ठेवावं. नीट सांभाळला तर 20-30 वर्षं सहज. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने साठी ओलांडल्यावर, 2020 मध्ये अंडी घातली होती. तुमचा मुलगा बंगळुरूहून कायमचा परत येईल तेव्हाही लाडू असेल, आणि मुलाने त्याला न्यायचं ठरवलं तर तुम्ही द्याल की नाही, याबद्दल मला शंका आहे.

ता. क. कपाटातला तुकडा बघून झाला की सासूबाईंना परत द्या. आधी वाळवा, मग चेनवाल्या छोट्या प्लॅस्टिक पिशवीत घालून. पुढची कात अख्खी निघाली तर पूर्ण लांबीची द्या. ती लाडूपेक्षाही लांब भरेल, ओली कात ताणली जाते ना, त्यामुळे कपाटात जागा आधीच करून ठेवायला सांगा.